झुलालच्या लॉरीची चौकट

सोनगीरच्या झुलालने वीस वर्षं बैलगाडी हाकली आणि लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून एक जुनी लॉरी उचलली. गावाला वाटलं, आता झुलाल सुखी झाला. सुख कसलं! बैल निदान झाडाखाली बांधले की गप्प बसतात. ही लॉरी उभी असली तरी काही ना काही मागत असे. पन्नाशी गाठलेला झुलाल दिवसभर तिच्या खाली, नाहीतर तिच्या वर असायचा. अंगाचा सांधा न् सांधा दुखायचा, आणि ते कुणाला सांगण्याचाही त्याला कंटाळा आला होता.

दोंडाईच्याच्या स्टेशनवरून तो मिठाच्या गोण्या आणी. मीठ गळायचं, फळ्यांत मुरायचं, खिळे खायचं. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोंडाईच्याला दिलेली लेक सुंदर माहेरी यायला मागच्या चौकटीत, माल भरायच्या फळ्यांच्या हौद्यात, चढली आणि एक कुजलेली फळी कडकन मोडली. तिचा डावा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. आठ दिवसांनी ती लंगडतच सासरी परतली. पुढे मिठाच्या घाईत झुलालचं तिच्या दारी जाणं झालं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ निरोप येत राहिला, पाय बरा आहे. सासू कमलबाईचा निरोप मात्र वेगळा होता. चौकट धड झाल्याशिवाय सून त्या गाडीत बसणार नाही. आखाजीला लेक माहेरी आली नाही, तर झोका कुणासाठी बांधायचा? ताईबाईने, म्हणजे झुलालच्या बायकोने, झोक्याचा दोर वर्षभर खुंटीवरून काढला नव्हता.

म्हणून यंदा आखाजीच्या आठ दिवस आधी झुलालने मिठाची खेप सोडली. कुजलेल्या फळ्या उपटून नव्या ठोकल्या. सगळी चौकट पाण्याने खंगाळून तीन दिवस उन्हात वाळू दिली. गोणपाट उसवून मापात कापलं. मग चुलखंडावर डबा चढवून डांबर उकळायला घेतलं. चैत्राअखेरचं ऊन वरून, चूल खालून, मध्ये झुलाल. पहिला हात फळ्यांवर, त्यावर गोणपाट, त्यावर दुसरा हात, म्हणजे मीठ लाकडापर्यंत पोचायला नको. बेत चांगला होता. पण हात होते गाडीवानाचे. वीस वर्षं गाडीच्या चाकांचं वंगण करताना डांबरात एरंडेल ओतायची त्यांना सवय, तशी त्यांनी याही डब्यात बाटली रिकामी केली.

"डांबरमा तेल कसाले?" ताईबाईने विचारलं.

"तेल नही टाकं ते उन्हमा तडा पडतीन," झुलाल म्हणाला. वीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

आता वंगणाचं काम कधीच न वाळण्याचं, आणि चौकटीच्या डांबराचं काम वाळण्याचं. एवढी साधी गोष्ट त्या थकलेल्या डोक्यात शिरली नाही. चार दिवस झाले तरी बोट लावलं की बोट काळं. शेवटी त्याने चुलीतली राख आणि नदीची वाळू पसरली. सकाळच्या गारव्यात हात फिरवला तर कोरडं लागलं. झालं काम, म्हणून त्याने लॉरीचं हँडल मारलं.

दोंडाईच्याला पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कमलबाई दारातच उभी होती.

"झुलालभाऊ, पोर धाडसू, पन पहिले मी देखसू," ती म्हणाली, आणि घरातून मुसळ घेऊन आली. म्हातारी स्वतः चौकटीत चढली नाही. खाली उभी राहून हात पोचेल तिथे फळ्या ठोकू लागली. झुलाल कपाळाचा घाम पुसत परीक्षेला बसल्यासारखा उभा. फळ्या पक्क्या निघाल्या. मुसळाच्या टोकाला मात्र डांबर लागलं.

"आते हाई मुसळ कोन धोई?" ती करवादली. पण तिने हाताने खूण केली, जा म्हणून. झुलालच्या छातीवरचा दगड उतरला.

सुंदर कडेवर मूल घेऊन आली. लुगडं पार जमिनीला टेकलेलं, चाल सावकाश. मुलाचं वजन असेल, झुलालला वाटलं. पुढे इंजिनाची धग, म्हणून त्याने मागे ताडपत्रीच्या सावलीत गोधडी अंथरली होती. कमलबाईने मूल धरलं, सुंदर स्टुलावरून वर चढली, मूल परत घेतलं आणि गोधडीपर्यंत चालत गेली. झुलाल तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता.

"पाय कसा शे माय?" त्याने पुढूनच ओरडून विचारलं.

"बठ्ठा बरा शे, आबा."

संध्याकाळी सोनगीरला घरी पोचले. पाय कसले चिकटलेत म्हणत ताईबाईने लेकीला हसत हसत ओट्यावर नेलं. झुलाल गोधडी काढायला वर चढला. गोधडीही चिकटली होती. ती ओढता ओढता त्याची नजर खाली गेली. दुपारच्या उन्हात मऊ झालेल्या डांबरात लेकीची पावलं उठली होती. उजवं पाऊल पाचही बोटांपासून टाचेपर्यंत पुरं. डावीकडे नुसती बोटं. पुढे उजवं पुरं, आणि परत डावीकडे नुसती बोटं. टाच कुठेच टेकली नव्हती.

तो तसाच खाली बसला. वर्षभर ती एकच निरोप धाडत होती, आणि वर्षभर तो त्यावर विश्वास ठेवून मीठ वाहत होता. त्याला स्वतःचा संताप आला. पण संतापाला लागणारं बळही अंगात उरलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो एरंडेलाची वाटी आणि फडकं घेऊन ओट्यावर गेला. सुंदर पाय मुडपून बसली होती.

"पाय दे, डांबर काढस," तो म्हणाला.

तिने उजवा पाय पुढे केला. त्याने तो घासून स्वच्छ केला, फडकं पिळलं, आणि हात पुढेच धरून ठेवला.

"दुसरा," झुलाल म्हणाला.

सुंदरने डावा पाय लुगड्याखाली आणखी आत ओढून घेतला.