रतीबाने तोंडातले खिळे सोडले

इजिप्तमधल्या दुमियातच्या आमच्या गल्लीत सोफ्यांना कापड चढवणारी बाई एकच, रतीबा. मी शेजारच्या दुकानात लाकूड कोरतो. पुरुष कारागिराला पहिल्या दिवसापासून उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणतात; तिला म्हणायला गल्लीला वीस वर्षं लागली. तिचे वरचे दात इतके पुढे, की ओठ कधी मिटलेच नाहीत. एक्केचाळिसाव्या वर्षी तिने ठरवलं, मिटवायचे.

पहिला डॉक्टर म्हणाला, दोन चांगले दात काढू, म्हणजे जागा होईल.

"खुर्ची दारातून जाईना म्हणून तिचे पाय कापता का?" असं विचारून ती उठली.

दुसरी डॉक्टर शाहिनाज. "अक्कलदाढा तुम्ही आधीच काढल्यात, मागे जागा आहे. जबड्याच्या हाडात बारीक स्क्रू बसवू, त्याच्या आधाराने तारा लावून आधी दाढा मागे नेऊ, मग पुढचे दात."

रतीबाला लगेच पटलं. "बरोबर. ताण द्यायचा तर खिळा लाकडातच हवा."

दुकानाचा मालक तिचा थोरला भाऊ शौकी. तो खो खो हसला. "दात मागे जातील गं, वय जाईल का?"

"वय राहू दे. वयावरून मला कुणी चिडवलं नाही."

पण जित्याची खोड! आमच्याकडे कापड चढवणारे मूठभर खिळे तोंडात धरतात आणि जिभेने एकेक पुढे आणून चुंबकाच्या हातोडीला चिकटवतात. तिसऱ्या महिन्यात एक खिळा चिकटेचना. तीनदा लावला, तीनदा पडला. उचलून पाहिला तर तो खिळ्यांच्या धक्क्यांनी निघालेला हाडातला स्क्रू, टायटेनियमचा, चुंबकाला दाद न देणारा. मी हसलो. मग पाहिलं तर ती रडत होती. आजही त्या हसण्याची मला लाज वाटते.

शाहिनाजने दुसऱ्या जागी नवा बसवला आणि बजावलं, "हा निघाला तर दात काढण्यावाचून इलाज नाही."

त्या दिवसापासून खिळे वाटीत. कामाचा वेग निम्म्यावर आला.

"नव्या नवरीच्या घरचे मानाचे सोफे दुसऱ्याला देईन!" शौकी गरजला.

"दे."

त्या मेल्याने खरंच दिले. दीड वर्ष ती जुन्या खुर्च्या दुरुस्त करत बसली, पण एक खिळा तोंडात घातला नाही.

तारा निघाल्या त्याच दिवशी शौकीने खिळ्यांचा डबा पुढे ठेवला. "झालं ना मनासारखं? ईद आलीय. धर तोंडात आणि हात चालव."

रतीबाने डबा त्याच्याकडे सरकवला. "तुझं तोंड रिकामंच असतं, दादा. तू धर."

मग तिने ओठ मिटले आणि वाटीतला खिळा उचलला.