गुडघ्यांची वही

वाघमारेमामा कुठल्याही घरात शिरले की पहिला प्रश्न तिथल्या सासूच्या गुडघ्यांचा. "मावशी, गुडघे काय म्हणायलेत?" एवढं विचारलं की म्हातारी बाहेर ओट्यावर येऊन बसलीच म्हणून समजा.

हा मामांचा कावा होता. आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले मामा चाकूरकडच्या गावांत आमच्या पाहणीला सोबत येत. बायांना दवाखाना का गाठता येत नाही, हे मला सुनांना विचारायचं होतं. पण सासू शेजारी असली की सून सगळ्या प्रश्नांना "बरं हाय" म्हणायची. माझी छापील प्रश्नावली तिथं काही कामाची नव्हती. म्हणून मामा ओट्यावर गुडघे ऐकायचे आणि मी आत सुनेचं खरं लिहून घ्यायची.

"मॅडम, तुमी आत लिव्हा. म्हाताऱ्या मी सांभाळतो," ते म्हणत. मान इतक्या मनापासून डोलवत, की एका गावात म्हाताऱ्या आपणहून रांगेला बसल्या. त्यात एक आजोबाही होते. त्यांचे गुडघे ठणठणीत होते, पण कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही.

मग सोजराबाई भेटल्या. मामांनी गुडघ्यांचा विषय काढताच त्या फिस्सकन हसल्या. "सुनेला बोलायचंय म्हणून मला भाईर बसवायलास, न्हवं? बसते की. पर तू नुस्ती मान हलवतोस. लिव्हत तर काईच न्हाईस!"

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला हसू आवरेना आणि लगेच लाजही वाटली, कारण माझ्या प्रश्नावलीत म्हाताऱ्यांसाठी रकानाच नव्हता. मामा तडक दुकानातून वही घेऊन आले. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: सोजराबाई. दवाखाना जवळ आहे, पण एसटीची पायरी चढता येत नाही. मग आधीच्या गावांतले गुडघेही आठवून उतरवले.

लातूरच्या बैठकीत मामांनी ती वही थेट आरोग्य खात्याच्या साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. "साहेब, आकडे मॅडम सांगतेत. गुडघे मी सांगतो." आणि सगळे गुडघे वाचून दाखवले, आजोबांचे ठणठणीतसुद्धा. त्यानंतर महिन्यातून एकदा डॉक्टरच गावात येऊ लागले.

गेल्या वर्षी मामा गेले. त्यांच्याशिवाय गावात शिरायला मला अजूनही जड जातं. सोजराबाईंकडे गेले, तर त्यांनी माझ्यामागे वाकून पाहिलं. "वाघमारे न्हाई आला?"

मी सांगितलं. त्यांनी सरकून ओट्यावर मला जागा केली आणि हळूच पाय लांब केला.

"मंग आता तू इचार."