बंदुकीच्या दुकानातल्या बाई

कुणीही दुकानात शिरलं, की बाई आधी उजवा तळवा पुढे करायच्या. "परवाना." नमस्कार वगैरे त्यानंतर. एकदा एका ओळखीच्या बिल्डरने हसत हसत त्या तळव्यावर पेढा ठेवला. बाईंनी पेढा खाल्ला आणि हात पुन्हा पुढे केला.

नेरुळमधल्या त्या बंदुकीच्या दुकानात मी बारा वर्षं नोकरी केली. तुम्हाला वाटेल, तिथे सारखी विक्री चालत असेल. कसली! दिवसाला दहा माणसं यायची, त्यातली आठ नुसती विचारायला. "लायसन्सशिवाय काय भेटेल?" बाई म्हणायच्या, "शिट्टी." उरलेले दोघं म्हणजे बँकेचे सुरक्षारक्षक, नाहीतर नेमबाजी शिकणारी एखादी कॉलेजची मुलगी, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली. त्या मुलीला मात्र खुर्ची मिळायची.

निवडणूक लागली की परवानाधारकांना हत्यारं जमा करावी लागतात. पोलीस ठाण्यात, नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. भिंतीला बंदुकांची रांग लागली की बाई म्हणायच्या, "आल्या बघा माहेरवाशिणी. पुसून घ्या जरा, सासरी गंजल्यात."

बाई साताऱ्याकडच्या. दुकान मुळात यजमानांचं. ते वारले तेव्हा परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून शटर खाली आलं. विकून मोकळ्या व्हा, असं सगळेच म्हणाले. बाई आठ महिने फाइल घेऊन कचेरीच्या बाकावर बसल्या, परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि मगच शटर वर केलं.

पण मला बाई खऱ्या कळल्या त्या एका दुपारी.

घणसोली गावातले एक काका आले. भातशेतीच्या राखणीसाठी वडिलांनी घेतलेली एकनळी बंदूक वारसाने त्यांच्याकडे आली होती. परवाना अगदी चोख.

"काडतुसा दे गो बाय. दोनूच."

मी कपाटाकडे वळलो. बाईंनी परवाना वाचला, मिटला, पण परत दिला नाही.

"काका, शेतात डुकरं येतात का अजून?"

"शेत कंचा? टावर हायेत तथं."

"मग दोन कशाला?"

काका खिशातल्या चुरगळलेल्या नोटा काउंटरवर सरळ करायला लागले.

"बसा. पडताळणी करायची आहे. वेळ लागंल."

असा काही नियम नव्हता. मी तसं बोलणारच होतो, पण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने चहा सांगायला गेलो.

परत आलो तर काका रडत होते आणि बाई काउंटर सोडून त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी काकांची बायको गेली होती. एकुलती लेक खांदेश्वरला दिलेली. "घरान कोनाशी बोलाचा, बाय?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

बाईंनी त्यांच्याकडून लेकीचा नंबर घेतला. तासाभरात लेक-जावई धापा टाकत हजर झाले.

"बंदूक आजच आमच्याकडे जमा करा, पावती देते," बाई म्हणाल्या. "आणि काका, दर गुरुवारी येऊन ती तपासून जायची. नियम आहे."

हाही नियम नव्हताच. पण काका दर गुरुवारी आले. बंदुकीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. चहा प्यायचे, सोसायटीवाल्यांच्या गाड्यांना नावं ठेवायचे आणि जायचे. पुढे लेकीकडे राहायला गेले, तरी गुरुवार चुकला नाही.

बंदुकीच्या दुकानात होतो म्हटलं की लोक मला जरा बिचकतात. मी मात्र ताठ मानेने सांगतो. माल असताना, परवाना असताना, 'नाही' म्हणणारी दुकानदार मी पाहिली आहे.

गेल्या वर्षी बाई गेल्या. पुढे चालवणारं कुणी नव्हतं. जमा असलेल्या हत्यारांच्या मालकांना पोलिसांनी दुकानात बोलावून घेतलं. काका आले, चार वर्षांच्या नातीला बोटाशी धरून. बंदूक कायमची सरकारजमा करायची म्हणाले.

अर्जात 'कारण' असा रकाना होता.

"काय लिवू रं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हाला वाटेल ते लिहा, काका."

त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडे थोडा वेळ पाहिलं. मग नातीचं बोट न सोडता, एकेक अक्षर सावकाश काढत लिहिलं, 'गरज नाय.'