मेधाताईने न घेतलेला फोन

मेधाताई सिनेमा उभ्यानेच बघायची. तिकीट काढायची, खुर्ची रिकामी सोडायची आणि मागच्या भिंतीला टेकून, या पायावरून त्या पायावर होत दोन तास काढायची. "बसले की मला उगाच कामं आठवतात," म्हणायची. सांता क्लाराच्या आमच्या ऑफिसातही तीच तऱ्हा. मीटिंग संपायच्या आत ही दारात.

ती मूळची नागपूरची. पुण्यात इंजिनिअरिंग करताना हौसेने स्पॅनिश शिकली, परीक्षाही दिल्या. पुढे सगळी वर्षं सॉफ्टवेअर तपासण्यात गेली. शहरातल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात स्पॅनिश सिनेमे लागले की ती रजा टाकायची आणि मलाही ओढून न्यायची. मी शेवटच्या रांगेत बसून सबटायटल्स वाचत असताना ती मागून पुटपुटायची, "असं नाही म्हणाली रे ती. याने अर्धंच लिहिलंय."

गेल्या वर्षी महोत्सवाच्या महिनाभर आधी तिची नोकरी गेली. व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. फ्रीमाँटच्या घरात ती आणि आठवीतली ईरा, दोघीच. ईरा रोज शाळेतून आली की विचारायची, "आई, एनी न्यूज?"

अखेर एका कंपनीने शेवटच्या मुलाखतीसाठी शुक्रवारी दुपारी तीनला फोन करायचं ठरवलं. सिनेमा अडीचला संपणार होता. "घरी बसून घड्याळ बघत बसू का?" म्हणत ती आलीच. आत शिरताना फोन माझ्या हातात दिला.

सिनेमात मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात राबणारी एक आई होती, आणि तिच्याशी अबोला धरलेली मुलगी. खेळ उशिरा सुरू झाला, उशिरा संपला. मग वयस्क दिग्दर्शिका मंचावर आली. कुणीतरी विचारलं, आई मुलीला शेवटपर्यंत माफ का करत नाही? बाई स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलल्या, बोलताना डोळे पुसले. दुभाष्या तरुणाने एवढंच सांगितलं की ती आई हट्टी होती.

"नाही," मेधाताई भिंतीजवळून इंग्रजीत मोठ्याने म्हणाली. "त्या म्हणतायत, ही माझीच आई. लोक तिला हट्टी म्हणायचे. ती थकलेली होती, आणि मला ते ती गेल्यावर कळलं."

दिग्दर्शिकेने तिला हाताने वर बोलावलं. ती मंचावर पोचते तोच फोन थरथरला. मी तो उंच धरला. तिने पाहिलं, आणि बाईंकडे वळली.

मी बाहेर धावलो, फोन उचलून दहा मिनिटं मागितली. पलीकडचा माणूस फार सभ्यपणे बोलला. सोमवारी नकाराची मेल आली.

त्या दुपारी गाडीत मी तिच्यावर चिडलो होतो. ती गुडघ्यावर बोटं वाजवत म्हणाली, "तिच्या आईबद्दल चुकीचं पोचत होतं रे. कशी निघून येऊ?"

नंतर आणखी दोन मुलाखती झाल्या, जमलं नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी मी दोघींना विमानतळावर सोडायला गेलो. आठवडाभर ईरा आईशी धड बोलली नव्हती. एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी ती पोर रांगेत अचानक मराठीत म्हणाली, "आई, तू तो फोन का नाही घेतलास?"

"घ्यायला हवा होता," मेधाताई म्हणाली. "कळत होतं मला. तरी पाय निघाला नाही."

आईच्या खांद्यावरची जड बॅग ईराने स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तरातरा पुढे गेली. तपासणीच्या वळणावर मात्र ती थांबली, मागे वळली, आणि आई येईपर्यंत तिथेच उभी राहिली.