दोन कॉम्प्युटर आणि एक खडा

"खडा कुठंय?"

सकाळी ऑफिसात आल्यावर भाऊंचा पहिला शब्द हाच. डोक्यावर हेल्मेट तसंच, एक चप्पल पायात, एक दारात, आणि नजर टेबलाकडे. खडा दिसला की मग हेल्मेट उतरायचं आणि आमच्याकडे वळून ते विचारायचे, "बरं हाय ना सगळं?" माणसांच्या आधी दगडाची विचारपूस! नवी होते तेव्हा मला याचा चांगलाच राग यायचा.

जव्हारात आमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. मी हिशेब बघायची, भाऊ मोखाड्याकडची गावं बघायचे. मूळचे पोशेऱ्याचे, घरी भात-नागलीची शेती. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. चहापाणी आणि देवपूजा सांभाळणाऱ्या आमच्या काकू त्यांच्याहून मोठ्या, पण त्यांनाही ते भाऊच.

खडा नदीतला होता, दाभोशाच्या धबधब्याखालचा. काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. तो कधी टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असायचा, कधी लॅपटॉपवर. बरेच दिवस मला वाटायचं, कागद उडू नयेत म्हणून असेल. पण कॉम्प्युटर काही उडत नाही. शेवटी न राहवून विचारलंच.

ते खूश झाले. असं कुणी विचारावं याची वाटच बघत असावेत.

"ताई, आपल्या सगळ्या मेल एका फाईलीत बसतात. आलेल्या, लिहिलेल्या, जायच्या राहिलेल्या, सगळ्या. ऑफिसात नेट हाय, म्हणून ती इथं लागते. वर सूर्यमाळला नेट नाय, पण काम तिथंच हाय, म्हणून लॅपटॉपवर पण लागते. पेन ड्राइव्हवरून हितली तिकडं, तिकडची हिकडं. आता सांगा, दोन फायली एकमेकीत मिसळतात का?"

"मिसळत असतील."

"नाय मिसळत. एक दुसरीच्या डोक्यावर बसते, आणि खालची मरते. म्हणून ताजी कुठली ते ठावं पाहिजे. खडा असेल तिकडून घ्यायचं, नसेल तिकडं टाकायचं."

मी म्हटलं, "फाईलवर तारीख असते की. ती बघायची."

"नुसती उघडली तरी तारीख बदलते. तारखेचा काय भरवसा?"

हा नियम मेल बघणाऱ्या सगळ्यांना पाळावा लागायचा. भाऊ लॅपटॉप घेऊन डोंगरावर गेले की खडाही बॅगेतून जायचा, आणि तो परत येईपर्यंत मोठ्या कॉम्प्युटरवर मेल उघडायला बंदी. पालघरहून आमच्या साहेबांचा फोन यायचा, "मेल बघितली का?" मी गंभीरपणे सांगायची, "नाही सर, खडा सूर्यमाळला गेलाय." पहिल्यांदा साहेबांनी विचारलं, "हा खडा कोण?" पुढे पुढे तेच विचारू लागले, "खडा कधी उतरतोय?"

ही युक्ती त्यांना कुठून सुचली, याचंही मला कुतूहल होतं. ते म्हणाले, आईकडून. उन्हाळ्यात त्यांच्या पाड्यावरची विहीर आटते आणि तळाशी झऱ्याचं पाणी हळूहळू साठतं. बायका हंडे घेऊन बसून राहणार किती? म्हणून जी ती आपला दगड रांगेत ठेवते आणि कामाला जाते. दगड आपली जागा राखतो.

"आणि कुणी सरकवला तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "दुसऱ्याच्या खड्याला कोण हात लावंल, ताई?"

त्यांच्या पाड्यावर कुणी लावत नसेल. पण जव्हारात कुणाला काय ठाऊक!

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर भाऊ सूर्यमाळचे पाडे पालथे घालत होते. दिवाळी झाली की तिकडची घरं वीटभट्ट्यांच्या कामाला खाली उतरतात आणि पोरंही आईबापांच्या मागे जातात. जी पोरं मागे राहतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं. नावं मेलने वेळेत पोचली तर खाट मिळते, नाहीतर पोर भट्टीवर आणि शाळा बुडाली. भाऊ प्रत्येक घरी ओट्यावर बसून, आईबापांच्या समोर, त्या पोराची मेल लिहायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. कागद वापरायचे नाहीत. "कागदाला लोक घाबरतात. आंगठा लावला की काय काय जातं, हे त्यांनी बघितलंय," असं म्हणायचे. मेल लॅपटॉपमध्ये साठत जायच्या आणि जव्हारला आल्यावर निघायच्या.

ते संध्याकाळी उतरले तेव्हा इथे लाईट नव्हती. फाईल मोठ्या कॉम्प्युटरवर टाकायची राहिली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. काकूंनी बजावलं होतं, "यंत्रं पूजेला हवीत हं, एकही घरी न्यायचं नाही." म्हणून लॅपटॉप टेबलावर ठेवून, त्यावर खडा ठेवून भाऊ पोशेऱ्याला गेले.

काकूंनी पूजा मोठ्या प्रेमाने केली. दोन्ही कॉम्प्युटर सुरू करून त्यांना झेंडूचे हार घातले. मग त्यांना खडा दिसला. "अगं बाई, देव असा कोरडाच ठेवतात होय?" त्यांनी खड्याला स्नान घातलं, हळदकुंकू लावलं, आणि मानाची जागा म्हणून मोठ्या कॉम्प्युटरवर विड्याच्या पानावर बसवलं. मी त्या दिवशी रजेवर होते.

दसऱ्यानंतर भाऊ आले. "खडा कुठंय?" खडा मोठ्या कॉम्प्युटरवर होता, कुंकू लावून. त्यांनी हेल्मेट काढलं, हसले, आणि खडा होता तिकडची फाईल उचलून लॅपटॉपवर टाकली.

नंतर ते मला म्हणाले, "मला आठवत होतं की मी फाईल उतरवली नव्हती. पण खडा म्हणत होता उतरवली. मी खड्याचं ऐकलं."

जायच्या मेल बघितल्या तर तिथे काहीच नव्हतं. सूर्यमाळची एकूण एक पोरं पुसली गेली होती. काकूंना कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. भाऊंनी त्यांच्याच हातचा चहा मागून घेतला आणि म्हणाले, "काकू, तुम्ही देव बसवला. रांगेचा दगड हाय हे मी कधी सांगितलं तुम्हाला?"

ते लगेच जीपने निघाले. मीही गेले, कारण नावं पुन्हा कशी मिळतात ते मला बघायचं होतं. एका ओट्यावर म्हातारी नागली पाखडत बसली होती.

"परत आलास? मागं तर लिवलं ना?"

"पुसलं गेलं, आयो. परत सांग."

म्हातारी हसली. "तुझ्या डब्यापरीस माझा सूप बरा. त्यातला जात नाय कठं."

भाऊसुद्धा मनापासून हसले आणि लिहू लागले. घरामागून घर पुन्हा लिहिलं गेलं. कुणी कटकट केली नाही.

शेवटच्या पाड्यावर एका घराचं कुडाचं दार काथ्याने बांधलेलं होतं. शेजारीण म्हणाली, भट्टीचा मुकादम यंदा लवकर आला, परवाच गाडी भरून गेली. सोनी पण गेली. "तिचा बा म्हणत होता, भाऊनी नाव नेलंय पण निरोप नाय आला."

सोनी चौथीत होती. भाऊ त्या दारापुढे उभे राहिले, मग ओट्यावर बसून त्यांनी तिचीही मेल लिहिली. ऐकायला घरात कोणी नव्हतं, तरी मोठ्याने वाचली. मला फार वाईट वाटलं.

मेल गेल्या, खाटा मिळाल्या. वसतिगृहातल्या बाई म्हणाल्या, पोर हजर नसेल तर खाट दुसऱ्याला द्यावी लागेल. भाऊंनी बॅगेतून खडा काढला, अजून कुंकू होतं त्याला, आणि त्या खाटेवर ठेवला. बाई मोखाड्याच्याच होत्या. रांगेतला दगड त्यांना ठाऊक होता; त्यांनी ती खाट राखून ठेवली. सुट्टीच्या दिवशी भाऊ वसईकडच्या भट्ट्या हिंडत राहिले. दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी सोनी सापडली, हात मातीने भरलेले. बाप म्हणाला, "आता कुठली जागा राहिली असंल?" भाऊ म्हणाले, "हाय. चल, दाखवतो."

खडा त्यांनी परत आणला नाही. बाईंना म्हणाले, "राहू दे. दर साली कुणीतरी यायचं राहतंच."

पुढे आमच्याकडे नवी सोय आली. मेल आता आपोआप सगळीकडे सारख्या होतात. भाऊ निवृत्त होऊन पोशेऱ्याला गेले आणि मागच्या उन्हाळ्यात तिथेच वारले. सकाळी ऑफिस उघडलं की आता कुणी काही विचारत नाही. मला ते अजून सोसत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला, आता पूजेपुरत्याच येणाऱ्या काकूंनी कॉम्प्युटरना हार घातले. मग कुंकवाची कोयरी हातात धरून त्या टेबलाकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "खडा कुठंय गं?"

मी म्हटलं, "काकू, खाटेवर. एक पोर यायचंय अजून."