दत्ता सर आणि पऱ्हाटीची राख

परभणी जिल्ह्यात रसायनशास्त्राचं माझ्याइतकं काम केलेला माणूस शोधून सापडायचा न्हाई. आता 'रसायनशास्त्र' हा शब्द मला लिहिता येत न्हाई, तो शेजारी बसून मुमताज लिहायलीय, आणि तिनंच मघाशी विचारलं की चाचा, नेमकं कोणतं काम?

मुमताज म्हणजे आमच्या दत्ता सरांची विद्यार्थिनी. मी बबन. फाट्यावर माझं चहाचं हाटेल हाय. मी बोलायलोय, ती उतरून घ्यायलीय. सरांना जाऊन दीड महिना झाला. पेपरात सरांवर काहीतरी यावं असं सगळ्यांना वाटायलं, पण शिकलेले लोक दुःखात व्हते, म्हणून मला बसवलं.

रिटायर झाल्यावरबी सर रोज दुपारी मानवतहून येणाऱ्या एसटीनं फाट्यावर उतरायचे. माझ्याकडं बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि शाळेकडं चालत निघायचे. गाडीचा हॉर्न आला की मी मान वर न करता चहा गाळायचो. त्या दिवशीबी गाळला. बघतो तर समोर कंडक्टर. खाली मान घालून म्हणला, "बबनराव, सर येत न्हाईत आता... सकाळी झोपेतच गेले." माझ्या तोंडातून निघालं, "कशावरून?"  कंडक्टरला वाटलं ह्याचं डोकं फिरलं. पण तो सवाल माझा नव्हताच, सरांचा व्हता. जिंदगीभर ऐकून ऐकून माझ्या जिभेवर बसला व्हता, आणि नको त्या टायमाला बाहेर आला...

दत्त्या आणि मी शाळेत एकाच सतरंजीवर बसायचो. चारचौघांत मी त्याला सर म्हणायचो, दोघंच असलो की दत्त्या. एकदा मास्तर म्हणले, पृथ्वी गोल हाय. दत्त्यानं विचारलं, "कशावरून?" मास्तरांनी त्याला एक छडी दिली. मला हसू आलं म्हणून मला दोन दिल्या. दुसऱ्या दिवशी दत्त्या तोच सवाल घेऊन परत गेला, आणि मी शाळेतच गेलो न्हाई. आमच्या दोघांत फरक पडला तो एवढाच. तो शिकून सायन्सचा मास्तर होऊन गावच्या हायस्कुलात आला, तवर मी भजी तळण्यात पारंगत झालो व्हतो. भजीबी कच्ची राहायची, पण ते जाऊ द्या.

शाळेत प्रयोगशाळा व्हती. म्हणजे दारावर पाटी व्हती. आत खिचडीच्या तांदळाची पोती व्हती. सर किती वर्षं मागं लागले, पण हेडसर म्हणायचे, "सर, पोती कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर? आणि तसंबी आपली पोरं कुठं प्रयोग करणार हायत?" सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं तेव्हा दोघांत ठरलं. पोरांनी सोता केलेला एक प्रयोग जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबरात आणायचा. आला तर खोली मोकळी, न्हाई आला तर सर गेल्यावर त्या पाटीवर 'कोठीघर' लिहायचं. मी म्हणलं, "दत्त्या, कशाला जिवाला लावून घ्यायलास? रिटायर हो, माझ्याकडं गिऱ्हाईक बघ." तो म्हणला, "तुझ्या हाटेलापेक्षा त्या खोलीत बसून उंदरं मोजीन."

सवाल आणला मुमताजनं. तेव्हा नववीत व्हती, चिमणीएवढी. तिची अम्मी पापडात घालायला दुकानातून पापडखार आणायची. नानी म्हणायची, आमच्या टायमाला आमी कापसाच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळक्या काड्या, जाळून त्या राखेतून खार काढायचो. पोरगी सरांना म्हणली, सर, हे खरं हाय का? सर म्हणले, "कशावरून? करून बघ." झालं. तिनं घरच्या चुलीतली पऱ्हाटीची मूठभर राख पाण्यात भिजवली, फडक्यानं गाळली, त्या पाण्यात हळद टाकली. हळद लालभडक झाली, म्हणजे खार हाय. मग त्यात लिंबूसताचं पाणी थेंबथेंब सोडलं, तशी परत पिवळी. जितके थेंब जास्त लागतील तितका खार जास्त, असा तो हिशोब. थेंब सोडायला दवाखान्यातली बिनसुईची सिरिंज, वजनाला सोनाराचा काटा, आणि प्रयोगशाळा म्हणजे शाळेमागचं कडूलिंबाचं झाड.

आता मोठं काम करायचं तर राख लय पायजे, आणि एका रानातल्या पऱ्हाट्यांची पायजे. सर माझ्याकडं आले. मी म्हणलं, राखेचं माझ्यावर सोडा. कुणी माझ्यावर काही सोडायचं नसतं हे सरांना तवा मालूम असायला पायजे व्हतं. हाटेलामागं ढीग रचला, जाळला, दोन दिवसांनी पोतंभर वाळलेली राख नेऊन दिली आणि कॉलर ताठ करून आलो.

त्या राखेनं हळद लाल होईना. जराशी तांबूस व्हायची आणि दोन थेंबात पिवळी. पोरगी परत भिजवायची, परत गाळायची. फडकं बदललं, हळद बदलली, पाणी बदललं. तेच. आटवून बघितलं तर भांड्याच्या बुडाला खार असा नावाला. एक दिवस झाडाखाली बसून रडायली. "सर, नानी खोटं बोलली." सर म्हणले, "नानीला मधी आणू नको. चुलीची राख लाल करायलीय, पोत्यातली करीना. पऱ्हाटी दोन्हीकडं तीच. मग फरक कुठं हाय?" हेडसर जाता जाता म्हणले, "अहो, चुलीच्या राखेचा आकडा चांगला आलाय ना? तोच लिहा सगळीकडं. कोण बघायलंय?" सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणले, "आलंय तेच लिहायचं. आणि का आलं ते सापडल्याबिगर प्रदर्शनाला जायचं न्हाई." हेडसर म्हणले, मग पोती हलत न्हाईत. सर म्हणले, बघू.

त्याच संध्याकाळी दोघं हाटेलात आले. पोरीचा चेहरा उतरलेला. मला वाटलं जरा हसवावं. एक गिऱ्हाईक बिडी पेटवून काडी तशीच टाकायलं, त्याच्यावर मी खेकसलो आणि ऐटीत म्हणलं, "ह्या बबनच्या हाटेलात विस्तू उघडा राहत नसतो. आईची शिकवण हाय. मागं तुमचा ढीग जाळला, त्याच्यावरबी दोन बादल्या पाणी वतूनच घरी गेलो. राख वाळली मग भरली."

सरांनी चहाचा गिलास खाली ठेवला.

"बबन्या, पाणी वतलं?"

"मग काय गाव पेटवू?"

"खाली काय व्हतं?"

"माती. गालिचा कुठून आणू?"

सर पोरीकडं बघायले, पोरगी सरांकडं. आणि दोघं एकदम उठून हाटेलामागं पळाले. साठीला आलेला माणूस, गुडघे दुखतेत म्हणून रोज तकरार करणारा, आणि पळायलाय! मला वाटलं आता मला मारायला दगड आणायलेत. पोरीनं ढिगाच्या जागेची माती उकरली, लांबच्या बांधावरची माती उकरली, दोन्ही माझ्याच गिलासात भिजवल्या, माझीच हळद घेतली. बांधाची माती पिवळी राहिली. ढिगाखालची लाल. मुमताज ओरडली, "सर, खार मातीत गेला! चाचांनी धुऊन टाकला!" सर हसले न्हाईत. म्हणले, "कशावरून? एकदा झालं म्हणजे झालं का? परत जाळा."

मग जो काही आमचा छळ झाला! दर रविवारी जाळणं. अर्ध्या पऱ्हाट्या पत्र्यावर जाळून राख कोरडीच गार करायची. अर्ध्या मातीवर जाळायच्या, आणि सर म्हणायचे, "बबनराव, वता." धुरानं सरांचे डोळे सुजले, पोरीच्या बोटांना भेगा पडल्या, मी मात्र पाणी वतण्यात एकदाबी चुकलो न्हाई. दर वेळेला आकडा तोच बोलला. कोरडीत खार भरपूर, भिजलेलीत नावाला. कोरडीच्या खाराचे पापड नानीनं लाटले, ते दुप्पट फुलले. सरांनी दोन बाटल्या भरल्या. एकीवर चिठ्ठी 'कोरडी राख', दुसरीवर 'बबनची राख'. मी म्हणलं, दत्त्या, मी जिता हाय अजून. तो म्हणला, "म्हणून तर झाकण घट्ट लावलंय."

परभणीच्या प्रदर्शनात परीक्षक बाईंनी दुसरी बाटली उचलली. "जे फसलं ते कशाला मांडलंस, बाळ?" मुमताजनं कोरड्या राखेची बाटली उचलून तिच्या शेजारी धरली.  म्हणली, "मॅडम, फसलं म्हणूनच कळलं. आमच्या गावात सगळे राख उघड्यावर टाकतेत. पावसात खार निघून जातो, मग लोक म्हणतेत राखेत काही नसतं." बाई लय वेळ तिच्याशी बोलल्या. जाताना विचारलं, "आणि हे बबन कोण?" पोरीनं बोट दाखवलं. "ते मागं भजी खायलेत ते."

पहिला नंबर आला. सगळे टाळ्या वाजवायले, मी शिट्टी मारली. सर पोरीला म्हणले, "आता पुढचा सवाल काय?" सोमवारी पहिलं पोतं हेडसरांनी सोता उचललं. बाकीची मी उचलली, आणि आठ दिवस कमरेत वाकून चहा दिला. आज मुमताज परभणीला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायलीय.

काल आमी दोघं त्या खोलीत गेलो. पोरं सिरिंजनं थेंब सोडायली व्हती, एक दुसऱ्याला म्हणत व्हतं, "कशावरून रे?" कपाटात दोन्ही बाटल्या हायत. सरांची राख गंगेत गेली... माझी अजून शाळेत हाय. मी शाळा सोडली, पण त्या बाटलीनं सोडली न्हाई. मी नेलेला बिनसाखरेचा चहा कपाटाजवळ ठेवला. गार झाला.  मग म्हणलं, "मुमताज, शेवटाला असं लिही. सरांना जिंदगीत शागीर्द लय मिळाले, पण प्रयोग जिंकून देणारा एकच, बबन."

पोरीनं पेन थांबवलं. मान वर केली न्हाई.

"कशावरून, चाचा? पाणी तर कुणीबी वतलं असतं."