लॉनची किनार आणि जनावर

"मॅडम, हे गोटं मी नीरा नदीच्या काठनं एकेक निवडून आणल्यात. किनार करायची ती ह्याचीच," आबा म्हणाले.

त्यांच्या मागे फुलांच्या वाफ्याला लागूनच अख्खी ट्रॉली रिकामी केलेली होती. तो ढीग पाहून मी दोन पावलं मागे सरले.

मी बारामतीत नर्सरी चालवते, लोकांच्या बागा लावून देते. आबांचा बंगला निरवांगीत, तिन्ही बाजूंनी ऊस. पुढे लॉन, कडेला शेवंतीचा वाफा. या दोघांत हद्द आखावी लागते, तिला आम्ही एजिंग म्हणतो. ती नसली की गवत वाफ्यात घुसतं. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासारखं, रोज थोडं थोडं.

हद्द तीन तऱ्हेने करता येते. नुसते गोटे रचायचे. सिमेंटमध्ये तिरप्या विटा बसवायच्या. नाहीतर फावड्याने वीतभर खोल, सरळ चर कापायचा. चर दिसायला साधा, पण कुठे काही लपायला जागा नाही. मला तोच हवा होता. गोट्यांत फटी राहतात, फटीत उंदीर येतात आणि उंदरामागून कोण येतं हे उसाच्या मुलखात सांगावं लागत नाही. त्यात शेजारच्या फडाला त्याच दिवशी ऊसतोड लागली होती. ऊस पडला की आतले रहिवासी बाहेर पडतात.

मला सापाची भयंकर भीती वाटते. या धंद्यात हे बोलायची सोय नाही, पण वाटते.

आबांना मी फटींचं सांगितलं. ते हसले. "आमी उसातच वाढलो, मॅडम. आमास्नी काय भिववताय?"

"निदान आज वळण तरी ठरवू," म्हणून मी लॉनवर पाण्याचा पाईप अंथरला. वळण कसं दिसेल ते आम्ही असंच बघतो. आबांची नात परी, तीन वर्षांची, लगेच अनवाणी पायांनी पाईपवरून चालायला लागली. हात पसरून, तोल सावरत. तिची आई, आबांची सून सायली, माझ्याशी विटांबद्दल बोलत होती. सायली मूळची पुण्याची, लग्न झाल्यापासून नवऱ्यासोबत मुंबईत. बंगला बांधल्यावर आता इथे राहायला आलेली.

तिन्हीसांजा झाल्या. तुळशीपुढे दिवा लावायला आबांच्या पत्नी, काकू, पायरीवर आल्या आणि किंचाळल्या.

"सायली, जनावर हाय! जनावर!"

सायली पळाली ती थेट गेटकडे. परीकडे नाही.

तिचंही बरोबर होतं. आदल्याच आठवड्यात कुणाची तरी गाय आत शिरून शेवंती खाऊन गेली होती. मला मात्र कळलं. आमच्याकडे दिवेलागणीला जनावर म्हणतात ते काही चार पायांचं नसतं.

ढिगाच्या तळाशी, दोन गोट्यांच्या मधे, तपकिरी काहीतरी सरकलं. मग आवाज आला. कुकरची शिट्टी निघायच्या आधी वाफ सुटते ना, तसा.

परी थांबली. "मम्मा, कुकर!" म्हणाली आणि पाईपवरून पुढे निघाली, ढिगाकडे.

ओरडायला वेळ नव्हता. कशी पोचले आठवत नाही, पण हातात तिच्या फ्रॉकची मागची गाठ आली आणि मी जीव खाऊन ओढलं. आम्ही दोघी उताण्या पडलो. ती भोकाड पसरून रडत होती. कुणा पोराचं रडणं मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

सायली धापा टाकत परत आली. "गेट तर बंदच आहे. गाय कुठंय?"

काकूंनी बोट दाखवलं. सायलीने ढिगाकडे पाहिलं आणि परीकडे झेप घेतली. परीला तिने असं आवळलं की पोर गुदमरली. मग सायली रडतच ओरडली, "आई, साप म्हणायचं ना हो! साप!"

काकूंनी काडेपेटी खाली ठेवली. "तिन्हीसांजंला त्याचं नाव घेऊ न्हाय गं. नाव घेतलं की येतं म्हंत्यात."

"पण ते आलं होतंच, आई!"



कळंबहून सर्पमित्र आला. एकेक गोटा उचलत गेला. आबांनी बॅटरी धरली होती, पण लांबूनच. घोणस निघाली, मनगटाएवढी जाड. तिला बरणीत घालून तो गेल्यावर आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, चरच काढा. ह्ये गोटं सकाळी हितं दिसायचं न्हाईत."

"चर मधूनमधून कापत राहावा लागतो, आबा."

"मी कापीन."

महिनाभराने काम बघायला गेले. चर छान धारदार होता, आबांनी स्वतः कापलेला. अंधारून येत होतं. परी चप्पल घालून लॉनच्या कडेला उभी होती, पुढे जाऊ की नको अशी. काकू दिवा घेऊन पायरीवर आल्या. त्यांनी चर या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. दिवा ठेवून तुळशीला हात जोडले, डोळे मिटले आणि जन्मात या वेळेला उच्चारला नव्हता तो शब्द मोठ्याने उच्चारला.

"साप न्हाय गं, परे. खेळ."

किनार कुठलीही निवडा. घरात एका गोष्टीला एकच नाव असू द्या.